झाडांची छाटणी : वेळ, पद्धत आणि वर्षभराची निगा

झाडाची छाटणी हा वरवर पाहता अगदी साधा उद्योग वाटतो. हाती कोयता किंवा करवत असली आणि फांदीपर्यंत पोहोचण्याची सोय झाली, की काम संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात छाटणी ही एका सजीवाच्या शरीरावर केलेली शस्त्रक्रिया होय. तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसत नाही. तो पाच, दहा, कधी कधी वीस वर्षांनी दिसू लागतो आणि तोपर्यंत ती फांदी कोणी व केव्हा तोडली याचे कोणालाही स्मरण उरलेले नसते. पावसाळ्यातील एखाद्या वादळी रात्री रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाची फांदी मोडून खाली येते, तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो. परंतु मोडलेल्या भागाची नीट पाहणी केली, तर आतले लाकूड कुजून पोकळ झालेले पुष्कळदा आढळते आणि त्या कुजण्याचा माग काढीत गेल्यास तो एखाद्या जुन्या, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या जागी घेतलेल्या कापापर्यंत जाऊन पोहोचतो.

म्हणून छाटणीचा विचार करताना झाडाचे शरीर जखमेला कसे तोंड देते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वेळ आणि पद्धत यांविषयीचे सर्व नियम त्यातूनच निघतात.

झाडाची जखम

मनुष्याच्या किंवा प्राण्याच्या शरीराला जखम झाली, तर तेथील मृत पेशींची जागा नव्या पेशी घेतात आणि काही दिवसांनी तो भाग पूर्ववत होतो. झाडाच्या बाबतीत असे घडत नाही. एकदा तयार झालेले लाकूड पुन्हा नवे करण्याची शक्ती झाडात नसते. जखमी झालेला भाग आहे तेथेच ठेवून झाड त्याच्याभोवती तटबंदी उभारते आणि पुढची वाढ त्या तटबंदीच्या बाहेर करते. खोडावरील जुन्या जखमेभोवती सालीची जाड, गोलसर कड आलेली आपण पाहतो, ती याच क्रियेची खूण होय. जखम ‘भरून’ आलेली नसते, ती झाकली गेलेली असते. झाकणाखालचे लाकूड जखमेच्या दिवशी जसे होते तसेच, किंवा त्याहून वाईट स्थितीत, झाडाच्या अखेरपर्यंत आत राहते.

या प्रक्रियेचा सखोल अभ्यास अमेरिकन वनविकृतिशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनी केला. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून जखमेपासून आत कुज कशी व किती पसरते, हे तपासले. १९७७ मध्ये त्यांनी या निरीक्षणांची मांडणी चार ‘भिंतीं’च्या रूपाने केली. पहिली भिंत कुजीला खोडात वर-खाली पसरू देत नाही, दुसरी गाभ्याकडे जाऊ देत नाही, तिसरी दोन्ही बाजूंना रोखते. या तिन्ही भिंती जखमेच्या वेळी अस्तित्वात असलेल्या लाकडातच उभ्या राहतात. चौथी आणि सर्वांत बळकट भिंत जखमेनंतर तयार होते. साल आणि लाकूड यांच्यामधील ऊतककर नावाचा वाढीचा पातळ थर ती बांधतो. या भिंतीमुळे जुने लाकूड कुजले तरी नंतर वाढलेले लाकूड शाबूत राहते. ही सारी बांधणी करण्यास झाडाला साठवलेले अन्न खर्च करावे लागते. ज्या झाडाजवळ शिलकी अन्न नाही, त्याच्या भिंती कच्च्या राहतात.

आपल्या देशात याचे ठळक उदाहरण कोलकात्याजवळ हावडा येथे आहे. १७८७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाच्या मोठ्या फांद्या १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत मोडल्या. उघड्या पडलेल्या लाकडात बुरशी शिरली. ती हळूहळू मुख्य खोडात उतरली आणि अखेर १९२५ साली ते खोड संपूर्णपणे काढून टाकावे लागले. वादळ आणि खोडाचा अंत यांच्यामध्ये सुमारे साठ वर्षे गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वडाला पारंब्यांचा आधार असतो, त्यामुळे मुख्य खोडावाचूनही तो वृक्ष आज उभा आहे. नीम, जांभूळ किंवा गुलमोहर यांना असा आधार नाही. त्यांचे खोड गेले की झाड गेले.

छाटणी कशासाठी

प्रत्येक काप ही जखम असेल, तर कारणाशिवाय काप घेऊ नये हे ओघानेच आले. छाटणीची योग्य कारणे मोजकीच आहेत. वाळलेल्या, मोडलेल्या व रोगट फांद्या काढणे, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढणे, कोवळ्या झाडाला योग्य आकार देणे, फळझाडांत उजेड व हवा खेळती ठेवणे आणि रस्ता, घर किंवा विजेच्या तारा यांना होणारा अडथळा दूर करणे, ही ती कारणे होत.

यांपैकी कोवळ्या झाडाला वळण देणे हे काम सर्वांत महत्त्वाचे असूनही सर्वांत दुर्लक्षित आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत झाडाचा एकच सरळ शेंडा राखला, दोन समान जोमाच्या शेंड्यांपैकी एक वेळीच काढला आणि मुख्य फांद्या खोडावर अंतराअंतराने राहतील अशी निवड केली, तर पुढे मोठी करवत चालवण्याची वेळ क्वचितच येते. अंगठ्याएवढ्या फांदीची जखम एक-दोन वर्षांत झाकली जाते, मांडीएवढ्या फांदीची जखम कदाचित कधीच झाकली जात नाही. मात्र कोवळ्या खोडावरील खालच्या बारीक फांद्या एकदम काढू नयेत. खोड जाड होण्यास त्यांची मदत होते, म्हणून त्या दोन-तीन वर्षांत क्रमाक्रमाने काढाव्यात.

शेंडा आणि सर्व मोठ्या फांद्या मध्येच तोडून झाड बोडके करणे, ही छाटणी नव्हे. अशा झाडाला लवकरच दाट पालवी फुटते आणि पाहणाऱ्यास झाड ‘जोमाने वाढले’ असे वाटते. वस्तुतः ती उपाशी झाडाची धडपड असते. त्या नव्या फांद्या जुन्या लाकडाच्या गाभ्यातून आलेल्या नसून केवळ वरच्या थराला चिकटलेल्या असतात, तर त्यांच्याखालील खुंट कुजत जातो. काही वर्षांनी त्या जड होतात आणि वाऱ्यात बुडापासून निखळतात. धोका टाळण्यासाठी केलेले काम अशा रीतीने नवा धोका निर्माण करते.

झाडाचे कालमान

छाटणी केव्हा करावी, या प्रश्नाला संपूर्ण भारतासाठी एकच महिना सांगता येत नाही. काश्मीरमध्ये झाडे बर्फाखाली निद्रिस्त असतात, तेव्हा कोकणात आंब्याला मोहोर आलेला असतो. देशाच्या बहुतेक भागांत पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडतो, तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. म्हणून पंचांगातील महिन्यापेक्षा झाडाची अवस्था पाहणे अधिक श्रेयस्कर ठरते.

मूळ तत्त्व असे, की पाने काम करीत असताना झाड अन्न तयार करते आणि त्यातील शिल्लक पिष्ठाच्या रूपाने मुळांत, खोडात व फांद्यांत साठवते. नवी पालवी फुटताना ही शिल्लक झपाट्याने खर्च होते. त्यामुळे पालवी फुटत असताना आणि ती कोवळी असताना झाड सर्वांत दुर्बळ असते. त्या वेळी केलेला काप त्याला जास्तीत जास्त महाग पडतो. याउलट पालवी फुटण्यापूर्वीच्या विश्रांतिकाळात शिल्लक पूर्ण असते. तेव्हा घेतलेल्या कापानंतर लगेच वाढीचा काळ येतो आणि जखम लवकर झाकली जाते.

चहाच्या लागवडीत हे तत्त्व फार पूर्वीपासून पाळले जाते. चहाचे झुडूप मुळात झाडच आहे. छाटणीमुळेच ते कमरेएवढे राहते. आसामात ही छाटणी थंडीत, वाढ थांबलेली असताना, डिसेंबर-जानेवारीत होते. छाटणीपूर्वी मुळाचा तुकडा कापून त्यावर आयोडीनचा द्राव टाकण्याची पद्धत चहामळ्यांत रूढ आहे. पिष्ठ भरपूर असेल तर कापलेला भाग निळा-काळा होतो. रंग फिका आला, तर छाटणी पुढे ढकलली जाते.

हिमाचल प्रदेश आणि काश्मीर येथील सफरचंदाची पाने थंडीत पूर्ण गळतात. तेथे छाटणी डिसेंबरपासून कळ्या फुगू लागण्यापर्यंत केली जाते. सफरचंदाची फळे आखूड, खुरट्या फळफांद्यांवर येतात आणि त्या अनेक वर्षे फळे देत राहतात. या फळफांद्या ओळखल्याशिवाय कात्री चालवणारा माणूस पुढील कित्येक वर्षांचे उत्पन्न कापून टाकतो.

बोराची विश्रांती उन्हाळ्यात असते. कडक उन्हात ते पाने गाळते आणि त्याला फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास व उत्तरेकडील कोरड्या प्रदेशांत मे महिन्यात त्याची भरपूर छाटणी करतात. हीच छाटणी थंडीत केली, तर झाडावरची फळेच हातची जातील.

द्राक्ष ही वेल असली, तरी एकाच वनस्पतीचे कालमान हवामानानुसार कसे बदलते हे तिच्यावरून चांगले कळते. पंजाब-हरियाणाच्या थंडीत द्राक्षवेल पाने गाळते आणि तिची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत एकदाच होते. नाशिक-सांगलीकडे तिला अशी पूर्ण विश्रांती मिळत नाही. म्हणून तेथे एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करतात आणि ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी करून त्या काड्यांवर फळे घेतात.

आंब्याला मोहोर पक्व झालेल्या काड्यांच्या टोकांवर येतो. पावसाळा संपल्यानंतर त्याच्या फांद्यांची टोके छाटली, तर त्या वर्षी मोहोर येणार नाही. त्यामुळे आंब्याची विरळणी फळे उतरल्यानंतर, पावसाला उघडीप मिळताच उरकावी, म्हणजे नव्या फुटीला पक्व होण्यास अवधी मिळतो.

राजस्थानात खेजडी म्हणजे शमीचा पाला थंडीत, बाजरीचे पीक निघाल्यानंतर, जनावरांसाठी छाटतात. पुढील पालवी उन्हाळ्याच्या तोंडावर येते, म्हणजे ही वेळ झाडाच्या सोयीचीच आहे. परंतु दरवर्षी संपूर्ण माथा बोडका केल्यास झाड क्षीण होऊन मुळांच्या बुरशीला व किडीला बळी पडते. म्हणून माथ्याचा वरचा भाग व मधला शेंडा राखून केवळ खालचा पाला घ्यावा, असा सल्ला दिला जातो.

शोभेच्या व सावलीच्या झाडांसाठी नियम सोपा आहे. कांचन, पळस, पांगारा यांसारखी जी झाडे आदल्या हंगामातील लाकडावर फुलतात, त्यांची छाटणी फुले संपल्यावर करावी. जी नव्या फुटीवर फुलतात, त्यांची छाटणी पालवीपूर्वी करावी. नीम, शिरीष यांसारख्या सावलीच्या झाडांच्या जिवंत फांद्या थंडीच्या उत्तरार्धात, पालवीपूर्वी काढाव्यात.

आपल्या बहुतेक शहरांत रस्त्यावरील झाडांची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत, पावसाळ्याची पूर्वतयारी म्हणून केली जाते. तो काळ कार्यालयांना सोयीचा असला, तरी बहुतेक झाडांना तो प्रतिकूल असतो. नवी पालवी नुकतीच आलेली असते, साठा संपलेला असतो आणि सावली एकाएकी नाहीशी झाल्यामुळे उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. त्याचप्रमाणे अनेक पक्ष्यांची घरटी याच काळात झाडांवर असतात. वाळलेली, तडकलेली किंवा लोंबकळणारी फांदी मात्र कोणत्याही महिन्यात तत्काळ काढली पाहिजे. तेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो. तेव्हा कामाची विभागणी अशी असावी : जिवंत फांद्यांची छाटणी थंडीत आणि पावसाळ्यापूर्वी केवळ मृत व धोकादायक फांद्यांची पाहणी व काढणी. भर पावसात मोठा काप घेऊ नये, कारण ओल्या हवेत बुरशीची बीजुके सर्वत्र असतात आणि जखम कोरडी होत नाही.

काप कोठे आणि कसा घ्यावा

फांदी जेथे खोडाला मिळते, तेथे बुडाशी एक फुगवटा असतो आणि वरच्या बाजूस सालीची सुरकुतलेली उंच रेघ दिसते. हा फुगवटा खोडाच्या लाकडाचा भाग असून कुजीला अडवणारी झाडाची स्वाभाविक तटबंदी तेथेच असते. काप या फुगवट्याच्या लगत, पण त्याच्या बाहेर घ्यावा. फांदी खोडाशी अगदी सपाट कापल्यास तटबंदीच नष्ट होते. लांब खुंट ठेवल्यास तो वाळतो, कुजतो आणि त्यावर साल चढू शकत नाही.

जड फांदी एकाच कापात तोडू नये. ती अर्धवट तुटून खोडावरची साल सोलीत खाली येते. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने पाव-तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्यावा. मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून फांदी पाडावी. शेवटी उरलेला खुंट फुगवट्याजवळ तिसऱ्या कापाने काढावा. कोयत्याच्या घावांनी लाकूड चिरफाळते, म्हणून बोटापेक्षा जाड फांदीला धारदार करवतच वापरावी आणि बारीक काड्यांना सिकेटर. रोगट फांदी कापल्यानंतर हत्यार निर्जंतुक केल्यावाचून दुसऱ्या झाडाला लावू नये.

एका वर्षात जिवंत पर्णभाराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये. जुन्या झाडाच्या बाबतीत हे प्रमाणही जास्तच ठरते.

जखमेवर डांबर किंवा तैलरंग फासल्याने कुज थांबत नाही, असे शायगो यांच्या संशोधनात दिसून आले. उलट त्याखाली ओल कोंडते. फळबागांतील बोर्डो पेस्टची गोष्ट वेगळी आहे, कारण ती बुरशीनाशक आहे. १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना वेगवेगळे विरघळवून १० लिटर पाण्यात एकत्र करतात. त्यासाठी लोखंडी भांडे वापरू नये. ही पेस्ट ताज्या कापावर लावल्याने काही काळ संरक्षण मिळते, परंतु चुकीचा काप तिने सुधारत नाही.

नारळ, सुपारी, ताड यांना वरील नियम लागू पडत नाहीत. त्यांच्या खोडात ऊतककर नसतो, त्यामुळे त्यांची जखम झाकली जात नाही. चढण्यासाठी नारळाच्या खोडाला पाडलेल्या खाचा जन्मभर तशाच राहतात. ताज्या जखमेच्या वासाने लाल सोंड्या भुंगा आकर्षित होतो आणि एकमेव शेंडा पोखरला गेला की झाड संपते. पूर्ण वाढलेल्या नारळाला साधारणपणे ३० ते ३५ झावळ्या असतात आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. हिरवी झावळी तोडणे म्हणजे नारळांची पेंड तोडणे होय. केवळ वाळून लोंबलेल्या झावळ्या काढाव्यात.

वर्षभराची निगा

थंडीच्या महिन्यांत पानगळीमुळे झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. तडे, पोकळ्या, बुरशीची छत्रे आणि बांडगूळ शोधण्यास हाच काळ उत्तम. बांडगुळाचा प्रसार फुलटोच्यासारखे पक्षी करतात, म्हणून त्याची फळे पिकण्यापूर्वी ते काढावे. ते नुसते उपटून चालत नाही. त्याची शोषके आश्रयदात्या फांदीत शिरलेली असतात, तेव्हा शक्य असेल तेथे चिकटलेल्या जागेच्या थोडे खाली फांदीच कापावी. उत्तर भारतातील आंबराईत डिसेंबरमध्ये खोडाभोवती प्लॅस्टिकची गुळगुळीत पट्टी बांधून तिच्या खालच्या कडेला ग्रीस लावतात, म्हणजे जमिनीतून वर चढणारी पिठ्या ढेकणाची पिले अडतात.

उन्हाळ्यात पहिल्या तीन वर्षांच्या झाडांना पाणी अत्यावश्यक असते. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळे भरून, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. आळ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे, परंतु ते खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर साल कुजते. कोवळ्या खोडांना चुन्याचा पातळ हात दिल्यास साल भाजत नाही.

पावसाळ्याच्या आरंभी नवी लागवड करावी व कुजलेले शेणखत द्यावे. आळ्यात पाणी तुंबणार नाही अशी वाट करावी, कारण मुळांनाही श्वासासाठी हवा लागते. आधाराच्या काठ्यांची बांधणी सैल असावी आणि झाड स्वतःच्या बळावर उभे राहू लागताच ती सोडावी. पावसाळ्यात आंब्याच्या खोडावर भुसा पडलेला दिसला, तर तेथे भिरूड शिरली असे समजावे. छिद्रात तार घालून अळी मारावी व छिद्र चिखलाने बुजवावे.

पाऊस ओसरल्यावर तण काढावे, जमीन हलकेच भुसभुशीत करावी आणि वर्षभरात झाडात झालेला बदल पाहून पुढील थंडीतील छाटणी ठरवावी. जाहिरातींचे खिळे, तारा आणि लहान पडलेली संरक्षक जाळी याच वेळी काढून टाकावी. सालीत रुतलेली तार अन्नवाहक नलिका दाबून झाडाचा गळा आवळते.

जमिनीवरील भागाची काळजी घेताना मुळांचा विसर पडू नये. पाणी व क्षार शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात असून ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. खोडालगत खणलेला चर एका बाजूची सारी मुळे तोडू शकतो आणि झाड त्याच बाजूचा आधार गमावते. खोडापर्यंत घातलेले काँक्रीट पाणी व हवा दोन्ही बंद करते. २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो यामुळेच.

शहरांत झाडाला हात लावण्यापूर्वी कायदाही पाहावा लागतो. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे, तर दिल्लीत १९९४ चा. २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा देण्यात आला. घराच्या आवारातील झाडासाठीही स्थानिक प्राधिकरणाची परवानगी लागू शकते, म्हणून आधी चौकशी करावी. उंचावरील किंवा तारांजवळील फांद्यांचे काम मात्र प्रशिक्षित माणसांवरच सोपवावे.

एवढे सगळे नियम लक्षात राहिले नाहीत, तरी करवत लावण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही फांदी काढण्याचे कारण काय? झाड या वेळी विश्रांतीत आहे की पालवीवर? आणि काप फुगवट्याच्या बाहेर पडतो आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल आणि फांदी धोकादायक नसेल, तर पुढील थंडीपर्यंत थांबावे. झाडाचे त्यात काहीच नुकसान होत नाही.